सिनेमा दाखवा, पण साक्षीनंतर

नमस्कार ताई. आमची इंदूरमधली कॉलनी जुनी, निम्म्याहून जास्त घरं मराठी. सानंद या मराठी संस्थेच्या नाटकांना आम्ही बरोबर जातो, गणपती एकत्र बसवतो, अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, बघायला रात्रभर जागतो. आम्ही काही बायकांनी मिळून महिन्यातून एक सिनेमा दाखवायला सुरुवात केली. हॉल रहवासी संघाचा, प्रोजेक्टर एकीच्या सुनेच्या ऑफिसातला. या वेळी माझ्या पुतण्याने सुचवलेला 'एम' नावाचा जुना जर्मन सिनेमा ठरला, कोजागिरीनंतरच्या शनिवारी. पाटीवर लिहूनही झालं. मग कोणीतरी म्हणालं, अहो, त्यात लहान मुलीचा खून आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या मागच्या गल्लीतला नऊ वर्षांचा मुलगा ओळखीतल्याच माणसाने पैशासाठी नेला आणि मारला. तेव्हा आम्ही सगळे मेणबत्त्या घेऊन राजवाड्यापर्यंत गेलो होतो. आईवडील आणि आजी अजून त्याच घरात राहतात. आई नोकरीवर जाते-येते, कोणाशी बोलत नाही. आजी भाजीच्या ठेल्यावर भेटतात. मी दिसले की त्या दुसरीकडे बघतात, किंवा मीच बघत असेन. त्या वर्षी गणपतीची वर्गणी मागायला तो मुलगाच आला होता. एकवीस रुपये दिले तर म्हणाला, समोरच्यांनी एक्कावन्न दिले. पावतीवर आमचं आडनावही चुकवलंन. ती पावती देवघराच्या खणात अजून आहे, का ठेवली माहीत नाही.

आता आमच्यात तट पडलेत. एकीचं म्हणणं, रद्द करा. दुसरी म्हणते, किती दिवस सुतक पाळायचं? सेक्रेटरी म्हणतात, त्याच मुलाला अर्पण करू, बॅनरवर फोटो लावू, आईवडिलांना सन्मानाने पहिल्या रांगेत बसवू. माझा नातू त्या मुलाच्याच वयाचा, आता अकरा वर्षांचा. त्याने विचारलं, "आजी, सिनेमातल्या आईला कळतं का, कोणी मारलं ते?" मी म्हटलं, जा, अभ्यास कर.

आरोपीची बहीण पलीकडच्या वस्तीत राहते. तिच्या मुलाला आमची मुलं क्रिकेटमध्ये घेत नाहीत, पण तो विषय वेगळा. ह्यांनाही कोर्टाचं समन्स आलंय, दिवाळीनंतरच्या तारखेचं. त्या संध्याकाळी त्या माणसाच्या स्कूटरवर मागे मुलगा बसलेला ह्यांनी पाहिला होता. हे म्हणतात, आपण कशाला कोर्टाच्या भानगडीत पडायचं. रात्री उठून ओटल्यावर बसतात. पण तोही विषय वेगळाच. मला एवढंच सांगा, सिनेमा दाखवावा की नाही?

— एक वाचक, इंदूर

ताई,

उत्तर आधी देते. दाखवा. पण या शनिवारी नको, फोटो लावून नको आणि मुलांना बसवून नको. आता तुम्ही 'वेगळे' म्हणून बाजूला सारलेले दोन विषय पुढे ओढते, कारण सिनेमावरून तुमच्यात एवढं पेटलंय ते माझ्या मते त्यांच्यामुळेच.

फोटोचं मात्र लगेच निकालात काढू. तुम्ही पत्रात मुलाचं नाव लिहिलं होतं, गल्लीचंही. दोन्ही मी वगळलंय. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. हा नियम वर्तमानपत्रापुरता नाही, 'संपर्काचं कोणतंही साधन' त्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेक्रेटरींना हे कलम दाखवा. त्यांचा हेतू चांगला असेल, असणारच, पण हॉलच्या दारावर त्या मुलाचा फोटो आणि खाली 'प्रवेश विनामूल्य' हे डोळ्यांसमोर आणून बघायला सांगा. पहिल्या रांगेचंही तेच. आईवडिलांना तिथे बसवलंत तर अंधारात सगळी कॉलनी पडदा सोडून त्यांच्या मानेकडे बघत बसेल.

नाव छापू नये, हा झाला कायदा. त्याच्या घरात बसून त्याच्या आईसमोर त्याचं नाव घ्यायला मात्र कोणतंच कलम आड येत नाही. दोन वर्षांत तुमच्या कॉलनीत किती जणांनी घेतलं?

'एम' मी पाहिलाय, एकाहून जास्त वेळा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 1931 चा सिनेमा, फ्रिट्झ लांगचा पहिला बोलपट. बर्लिन शहरात एकामागून एक मुलं नाहीशी होतायत. सुरुवातीलाच एका चाळीसारख्या इमारतीच्या चौकात मुलं गोल करून उभी आहेत आणि त्या खुन्यावरचंच बडबडगीत म्हणत एकेकाला बाद करतायत. कपड्यांची टोपली घेऊन निघालेली एक बाई त्यांच्यावर खेकसते, किती वेळा सांगितलं हे गाणं म्हणू नका. वर एल्सी नावाच्या मुलीची आई धुणं धुतेय. ती म्हणते, गाताहेत तोवर निदान आहेत एवढं तरी कळतं. मग ती मुलीचं ताट मांडते. घड्याळ बघते. शाळेतून आलेल्या दुसऱ्या मुलींना विचारते. जिन्यात वाकून हाका मारते. पडद्यावर काय दिसतं? रिकामा जिना. माळ्यावर वाळत घातलेले कपडे. टेबलावरचं तसंच राहिलेलं ताट. गवतातून घरंगळत आलेला चेंडू आणि तारांत अडकलेला फुगा. बस. खून दाखवलेलाच नाही, रक्ताचा थेंब नाही. तेव्हा 'रद्द करा' म्हणणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला भीती वाटतेय तसलं त्यात काही नाही. पण तिची भीती अगदीच खोटी आहे असंही म्हणवत नाही, कारण ते ताट बघवत नाही.

तुमच्या पत्राच्या निमित्ताने मला त्या सिनेमातलं दुसरंच काहीतरी आठवत राहिलं. ही आई सुरुवातीची काही मिनिटं दिसते आणि गायब होते. पुढे सिनेमा पोलिसांचा होतो. दहा हजार मार्कांच्या बक्षिसाच्या पोस्टरचा होतो, पोस्टरखाली लोटणाऱ्या गर्दीचा होतो, टेबलाभोवती बसून एकमेकांवर संशय घेणाऱ्या प्रतिष्ठितांचा होतो. पोलिसांच्या धाडींनी धंदा बसला म्हणून खुन्याच्या मागावर निघालेल्या चोर-दरोडेखोरांचा तर फारच होतो. सगळं शहर तिच्या मुलीबद्दल बोलतंय आणि तिच्याशी कोणी बोलत नाही. थेट शेवटी, न्यायाधीश येऊन बसतात तेव्हा ती काळ्या कपड्यांत पुन्हा दिसते आणि म्हणते की याने आमची मुलं काही परत यायची नाहीत. निकाल काय लागला ते सिनेमा सांगत नाही.

तुमची कॉलनी त्या मधल्या भागात आहे. मेणबत्त्या झाल्या, राजवाडा झाला, आता सिनेमावरून वाद चाललाय. या सगळ्यात ती बाई कुठे आहे?

तर त्या घरी जा. सिनेमा दाखवायचा असो वा नसो, जा. तुम्ही म्हणाल, उगीच आठवण कशाला करून द्या. आठवण करून द्यायला ती विसरलेली असावी लागते. ती सकाळी डबा भरताना, त्याच्या शाळेची बस गल्लीच्या तोंडाशी हॉर्न देते तेव्हा, दर गणपतीत वर्गणीवाली पोरं दारात येतात तेव्हा, दिवसातून शंभरदा आठवत असणार. आपण विषय टाळतो तो तिच्यासाठी नव्हे. आपल्याला रडणाऱ्या माणसासमोर बसता येत नाही म्हणून टाळतो. मी बरीच वर्षं शोकातल्या कुटुंबांबरोबर काम केलंय. मूल गेलेल्या आयांकडून मी जी तक्रार सर्वांत जास्त ऐकली ती 'लोक सारखं विचारतात' ही नव्हे. 'आता कोणी नावसुद्धा काढत नाही' ही.

एकट्या जा. चार बायकांचं शिष्टमंडळ नको, काकूबाईंची बैठक होते ती. सुट्टीच्या दिवशी दुपारची वेळ बरी. हातात डबा-बिबा नको, नाहीतर पाच मिनिटं त्याच्याच गप्पा होतात आणि तुम्ही सुटता. दारात एवढंच म्हणा, "वहिनी, यायला फार उशीर केला मी. काय बोलावं सुचत नव्हतं." पुढचं तिच्यावर सोडा. ती रडली तर रडू द्या, पाण्याचा ग्लास घेऊन धावू नका. 'देवाची इच्छा', 'काळ हेच औषध', 'मन रमवा कशात तरी', 'आम्ही समजू शकतो' यांतलं एकही वाक्य तोंडातून काढायचं नाही. आपण समजू शकत नाही. तिने दार लावून घेतलं तर "बरं, मी पुन्हा येईन" म्हणा आणि खरोखर पुन्हा जा. आजी घरात असतील तर आधी त्यांच्यापाशी बसा. ठेल्यावर नजर कोण चुकवत होतं याचा हिशेब करायची गरज नाही.

आणि ती पावती. पत्रात तुम्ही ती अशी ओझरती लिहून टाकलीत, मी मात्र तिथेच थांबले. त्या आईकडे त्याच्या वह्या असतील, मोबाइलमध्ये फोटो असतील, शाळेची ओळखपत्रं असतील. ते सगळं तिला पाठ झालंय. पण आपला मुलगा परक्याच्या दारात उभा राहून 'समोरच्यांनी एक्कावन्न दिले' अशी घासाघीस करायचा, हे तिला कुठे ठाऊक असणार? ते फक्त तुमच्याकडे आहे. तिला त्याच्याबद्दल नवीन काही कळण्याची वाट बंद झालीय, आणि एक छोटी खिडकी तुमच्या देवघराच्या खणात पडून आहे. एकदम हातात ठेवू नका. अमुक एक प्रसंग झाला होता म्हणून सांगा, त्याच्या अक्षरातली पावती माझ्याकडे आहे म्हणा, हवी का विचारा. हवी म्हणाली तर मूळ तिला द्या, झेरॉक्स तुम्ही ठेवा. नको म्हणाली तर खणात राहू द्या. कधीतरी मागेल.

पहिल्या भेटीत सिनेमाचं नाव काढायचं नाही. काढलंत तर त्यासाठीच आलात असं तिला वाटेल, आणि ते खरंच असेल. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत सांगा. परवानगी मागू नका. 'तुम्ही हो म्हणालात तरच दाखवू' हे ऐकायला नम्र वाटतं, पण त्याचा अर्थ होतो की कॉलनीची करमणूक आता तिच्या हो-नाहीवर अडलीय. ते ओझं तिला कशाला? नुसतं कळवा. "हॉलमध्ये असा एक सिनेमा आहे, लहान मुलीच्या खुनानंतर गाव कसं वागतं त्याच्यावर. तुम्हाला पाटी वाचून कळू नये म्हणून सांगायला आले." यावर ती किंवा घरातलं कोणीही 'नको हो' म्हणालं, किंवा न बोलता चेहरा उतरला, तर एका शब्दाचा वाद न घालता सिनेमा बदला. सिनेमे शेकड्यांनी आहेत.

'किती दिवस सुतक' म्हणणाऱ्या मैत्रिणीला सांगा, सुतक दहा दिवसांत फिटतं आणि ते कधीच फिटलं. कॉलनीने हसू नये, गाऊ नये असं त्या घरातल्या कोणीही म्हटलेलं तुमच्या पत्रात दिसत नाही. तिला कोंडल्यासारखं होतंय ते कॉलनीने धरलेल्या मौनामुळे. त्याचा दोष त्या घरावर टाकू नये.

नातवाबद्दल. 'जा, अभ्यास कर' हे उत्तर पहिलं आणि शेवटचं असू दे. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना मरण म्हणजे काय ते कळलेलं असतं. माणूस परत येत नाही, हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं, सगळं. पाच वर्षांच्या मुलाला पुरतं कळत नाही, तुमच्या नातवाला कळतं. त्याचा मित्र मारला गेला, आणि दोन वर्षं घरातलं कोणी त्याच्याशी त्यावर बोललं नाही. त्याने विचारलं ते सिनेमाचं नव्हतंच. तरी उत्तर सरळ द्या. हो, सिनेमातल्या आईला कळतं, तो माणूस सापडतो. मग म्हणा, "तुला त्याची आठवण येते का रे?" आणि गप्प बसा. त्याला ओळखीच्या माणसांची भीती बसली असेल, तेही विचारा. घरी नेऊन सोडतो म्हणणाऱ्या ओळखीच्यालाही 'आईला फोन करून विचारतो' म्हणायचं, हे त्याला शिकवायला हवं, पण ते दुसऱ्या दिवशी. एकाच बसणीत शोक आणि शिस्त दोन्ही नको. फारच घाबरत असेल, झोप उडाली असेल तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी फोन आहे, बोलायला पैसे पडत नाहीत.

सिनेमाला मात्र त्याला बसवू नका. रक्त नाही हे खरं, पण ते ताट मोठ्यांनाही झेपत नाही. आपल्याकडे 2023 च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉरच्या यूए प्रमाणपत्रात सात, तेरा, सोळा अशा पायऱ्या आल्या आहेत. तुम्ही आपापसात सोळा धरा आणि पाटीवर तसं लिहा.

आता पहिला 'वेगळा' विषय. आरोपीच्या बहिणीचा मुलगा. त्याने काय केलंय? सिनेमात एक साधा प्रसंग आहे. रस्त्यात एक लहान मुलगी एका म्हाताऱ्याला वेळ विचारते. तो सांगतो. तेवढ्यावर एक धिप्पाड गडी त्याला अडवतो आणि बघता बघता गर्दी जमते. हसू येईल असा प्रसंग आहे, पण आपल्याला हसायची सोय राहिलेली नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 ला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. टोळीबिळी काही नव्हती, मोबाइलवर फिरणारी अफवा होती. तुमच्या कॉलनीत कोणी कोणाला मारलेलं नाही, मान्य. पण एका पोराला मामाच्या गुन्ह्यासाठी मैदानाबाहेर उभं केलंय आणि घरोघरी मोठ्यांना ते माहीत आहे. मुलं हे मनाने करत नाहीत, जेवताना ऐकलेलं मैदानात नेतात. तुमच्यापैकी एका बाप्याने संध्याकाळी मैदानावर जाऊन, भिडू निवडताना त्याचं नाव पहिलं घ्यावं. भाषण नको.

आणि आता तुमचे यजमान, ज्यांच्यासाठी मी हे एवढं लांबलचक उत्तर लिहितेय.

'कोर्टाच्या भानगडीत कशाला' हे ते म्हणतात, पण त्यासाठी कोणी रात्री उठून ओटल्यावर बसत नाही. भानगडीला भिणारा माणूस गाढ झोपतो आणि तारखेला आजारी पडतो. त्यांनी मुलाला स्कूटरवर पाहिलं, हाक मारली नाही, आणि त्या संध्याकाळचं ते दृश्य ते रोज रात्री नव्याने बघत असावेत. भीती बहुधा याची असेल की वकील भर कोर्टात विचारेल, 'मग तुम्ही थांबवलं का नाही?' आणि समोर मुलाची आई बसलेली असेल. माझा तर्क चुकत असेल तर सोडून द्या. पण एकदा रात्री त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि विचारा.

'एम'मध्ये फुगे विकणारा एक आंधळा म्हातारा आहे. खुनी एल्सीला फुगा घेऊन देतो तो त्याच्याकडूनच. शीळ वाजवत उभा असलेला तो माणूस, त्याच्याबरोबरची मुलगी, सगळं त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्याने पैसे घेतले आणि फुगा दिला. त्याला काय ठाऊक? पुढे एक दिवस तीच शीळ त्याच्या कानावर पडते, तो जवळच्या पोराला सांगतो, पोरगा तळहातावर खडूने अक्षर काढून त्या माणसाच्या खांद्यावर थाप मारतो, आणि तिथून तो माणूस निसटू शकत नाही. पोलिसांची सगळी यंत्रणा एकीकडे आणि ज्याच्या समोरून मुलगी गेली तो म्हातारा एकीकडे. फुगा विकला म्हणून त्याला कोणी दोष देत नाही. शीळ ओळखूनही तो गप्प राहिला असता, तर मात्र तो माणूस त्या दिवशी निसटला असता.

ओळखीच्या माणसाच्या स्कूटरवर ओळखीचा मुलगा बसलेला दिसला तर कोण थांबवतं? मी थांबवलं नसतं, तुम्ही थांबवलं नसतं. वकिलाने विचारलंच तर खरं उत्तर तेवढंच आहे: ओळखीचा होता, संशय आला नाही. ते आईने ऐकलं तर ऐकू दे. सत्य तिला दोन वर्षं तुकड्या-तुकड्यांनीच मिळतंय, हाही एक तुकडा तिच्या हक्काचा आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी. समन्स मिळूनही गेलं नाही तर कोर्ट वॉरंट काढू शकतं, तेव्हा 'जायचं की नाही' हा प्रश्नच नाही. तारखेआधी सरकारी वकिलांना भेटून घ्यावं, कुठे उभं राहायचं, काय क्रम असतो एवढं कळलं तरी छातीतली धडधड कमी होते. जे पाहिलं ते सांगायचं, जे आठवत नाही त्याला 'आठवत नाही' म्हणायचं. स्कूटरचा रंग पक्का नसेल तर पक्का करून घेऊ नये. कोणी धमकावत असेल, किंवा वस्तीतल्या माणसांच्या हाती निरोप पाठवत असेल, तर मुकाट्याने सोसू नका. सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेली 2018 ची साक्षीदार संरक्षण योजना आहे, जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे तिचा अर्ज जातो. वाट सरकारी वकील दाखवतील.

एक गोष्ट विशेष जपा. साक्ष होईपर्यंत तुमच्या यजमानांनी त्या घरी जाऊ नये, आणि तुम्ही जाल तेव्हा त्यांनी काय पाहिलं यावर एक अक्षर बोलू नये. विषय निघालाच तर 'ते कोर्टातच सांगतील' म्हणा. नाहीतर बचावाचा वकील 'पढवलेला साक्षीदार' म्हणून त्यांची साक्ष मोडीत काढायला बघेल, आणि त्या आईचंच नुकसान होईल. साक्ष झाल्यावर दोघं मिळून जा. तेव्हा जे बोलायचं ते त्यांचं त्यांना बोलू द्या, तुम्ही मध्ये सावरून घेऊ नका.

सिनेमा कोजागिरीनंतरच्या शनिवारी नको, हे मी म्हणतेय त्याचं कारण आता लक्षात आलं असेल. हॉल भरणार, दिवे लागले की चर्चा होणार, चर्चा पाच मिनिटांत जर्मनीतून तुमच्या मागच्या गल्लीत येणार. खटला कोर्टात आहे आणि खुर्च्यांवर साक्षीदार बसलेला आहे. कोणी काय पाहिलं, कोणाला काय वाटतं, हे त्याच्या कानावर साक्षीआधी पडायला नको. साक्ष झाल्यावर मात्र त्यांना जरूर घेऊन जा. तो फुगेवाला त्यांनी बघावा असं मला फार वाटतं.

दाखवताना दोन किरकोळ सूचना. घरच्या ओटीटीच्या वर्गणीत हॉलभर लोकांना दाखवायची मुभा नसते, तेव्हा प्रदर्शनाचे हक्क कोणाकडे आहेत ते पुतण्याला शोधू द्या, सिनेमा त्यानेच सुचवलाय. संवाद जर्मन आहेत, खाली इंग्रजी अक्षरं येतील. ज्येष्ठांसाठी आधी पाच मिनिटं मराठीत गोष्ट सांगा, मध्येमध्ये थांबवून समजावत बसू नका, चोर त्या खुन्यावर आपलंच कोर्ट भरवतात तो प्रसंग पार वाया जाईल. पाटीवर विषय स्पष्ट लिहा आणि मधूनच उठून जायला संकोच नको असंही लिहा. दाराजवळच्या दोन-तीन खुर्च्या मोकळ्या ठेवा.

तारीख दिवाळीनंतरची म्हणालात. कोर्टाच्या तारखांचं आपल्याला ठाऊक आहे, वकील आले नाहीत, साहेब रजेवर, आरोपीला आणलं नाही. दिवसभर बसून 'पुढची तारीख' ऐकून परत यावं लागेल, त्या दिवशी डबा आणि पाणी बरोबर न्या, आणि तुम्हीही जा. साक्ष पुढे गेली तर सिनेमाही पुढे ढकला. सेक्रेटरींनी कारण विचारलं तर प्रोजेक्टर ऑफिसात परत गेलाय म्हणून सांगा.